मुलाचे वाक्य पुरे होऊ द्या

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. एप्रिलमध्ये शासनाचा निर्णय आला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचे ओझे लादू नये, असे म्हणणाऱ्यांची बाजू न्याय्य होती. ती सरशी झाली हे चांगलेच झाले. परंतु या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मागेच राहिला. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकणारे कष्टकऱ्याचे मूल स्वतःच्या पहिल्या भाषेत तरी, अनोळखी मोठ्या माणसासमोर, मनातली गोष्ट पुऱ्या वाक्यात सांगू शकते काय? आणि ते गप्प राहत असेल, तर त्याला गप्प कोणी केले?

दुष्काळ, बेकारी, महागाई असे प्रश्न समोर असताना तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वाक्यरचनेची चर्चा राजकीय साप्ताहिकात कशासाठी, असे कोणी विचारील. चळवळीत काम केलेल्या प्रत्येकाला एक प्रसंग मात्र परिचित असतो. तहसील कचेरीतल्या टेबलासमोर उभा राहिलेला शेतमजूर, “साहेब, ते आमचं रेशनचं...” एवढे म्हणून थांबतो. टेबलामागचा मनुष्य उरलेले वाक्य आपल्या सोयीने पुरे करतो : “कागद नाहीत ना? मग पुढच्या सोमवारी या.” मजूर मान हलवून बाहेर पडतो. त्याच मजुराला गावच्या पारावर बसवले, तर पाण्याच्या भांडणाची हकीकत तो तासभर, कारणे आणि तपशील देऊन, एकही दुवा न सोडता सांगेल. भाषा त्याच्याजवळ आहे. अधिकाऱ्यासमोर आपले वाक्य शेवटपर्यंत नेण्याची सवय तेवढी त्याला कोणी लागू दिलेली नाही. ज्याचे वाक्य अर्ध्यावर राहते, त्याचे वाक्य दुसराच कोणी पुरे करतो. कधी मुकादम, कधी दलाल, कधी कचेरीतला साहेब, तर कधी त्याच्याच बाजूचा पुढारी. ही गोष्ट पन्नासाव्या वर्षी सुरू होत नाही. तिचा आरंभ बालवाडीच्या सतरंजीवर होतो. म्हणून हा प्रश्न लोकशाहीचा आहे आणि त्याला अर्थशास्त्राचीही एक बाजू आहे.

मूल वाक्य कसे बांधते

वर्षाच्या आसपासचे मूल एका शब्दात बोलते. त्याचे “पाणी” हे कधी मागणे असते, कधी सांडल्याची बातमी असते, तर कधी पाऊस दिसल्याचा आनंद असतो. दीड-दोन वर्षांचे मूल दोन शब्द शेजारी ठेवते : “बाबा गेला”, “अजून भात”. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास “आईने मला भात दिला” असे नेटके वाक्य येऊ लागते. चौथ्या-पाचव्या वर्षी मूल वाक्याला वाक्य जोडू लागते : “कुत्रं भुंकलं म्हणून मी पळालो”, “पाऊस आला तर आपण भिजू”. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’ हे शब्द दिसायला चिमुकले आहेत, परंतु कार्यकारणाचा सगळा संसार त्यांच्यावर उभा असतो. पुढे हिशेब मागायचा, तक्रार मांडायची, अट घालायची किंवा नाकारायची, तर हेच शब्द हाताशी लागतात.

हे कोणी मुद्दाम शिकवीत नाही. ‘बसलं’, ‘उठलं’, ‘हसलं’ ऐकलेले मूल एक दिवस “मी करलं” म्हणते. घरातली मोठी माणसे हसतात. मुलाने हा शब्द कोणाकडूनही ऐकलेला नसतो. ऐकलेल्या शब्दांमधून नियम काढून त्याने तो स्वतः घडवलेला असतो. ‘केलं’ हा अपवाद त्याला पुढे कळेल. चूक म्हणून जिची टिंगल होते, ती मुलाच्या बुद्धीने काम सुरू केल्याची खूण आहे. रानात शेळ्यांमागे हिंडणाऱ्याचे मूल असो की बंगल्यातले असो, ही बुद्धी निसर्गाने वर्ग पाहून वाटलेली नाही.

मराठी वाक्याची ठेवणही येथे ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या भाषेत क्रियापद सहसा शेवटी येते. “मामानं बाजारातून आणलेला बैल रात्री आमच्या गोठ्यातून...” येथपर्यंत ऐकले तरी बैल सुटला, चोरीला गेला की गोठ्याबाहेर काढला, हे कळत नाही. घडलेली गोष्ट शेवटच्या शब्दात असते, आणि त्या शब्दाला मागच्या नामाचे लिंगवचन सांभाळावे लागते. चार वर्षांचे मूल मध्येच अडखळते, ‘मग... मग...’ करते, डोळे वर करून थांबते, तेव्हा ते हा शेवटचा शब्द शोधत असते. नेमक्या त्याच क्षणी मोठे माणूस घाईने “हं, कळलं, बस खाली” म्हणते आणि मुलाच्या हातून क्रियापद निसटते. मराठी बोलणाऱ्या मुलाला मध्येच तोडणे म्हणजे त्याच्या वाक्यातली घटनाच काढून घेणे होय.

शिक्षकाचे वाक्य, मुलाची दोन अक्षरे

वाक्य पुरे करणे हा प्रकार आपल्या शाळांना अपरिचित नाही. वर्गाच्या खिडकीवरून जाणाऱ्या कोणालाही तो ऐकू येतो. आतून आवाज येतो, “सूर्य पूर्वेला उग...” आणि पाठोपाठ चाळीस कंठांतून “...वतो!” असा घोष उठतो. वाक्य शिक्षकाचे, विचार शिक्षकाचा, क्रियापदाचा आरंभही शिक्षकाचा. मुलांच्या वाट्याला शेवटची दोन अक्षरे येतात. पुढे लेखी परीक्षेत हीच पद्धत ‘रिकाम्या जागा भरा’ या नावाने दहावीपर्यंत सोबत करते. ज्याने बारा वर्षे दुसऱ्याच्या वाक्यातली रिकामी जागा भरली, त्याने सभेत उठून आपले वाक्य उभे करावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

यावर काही शाळांनी उपाय काढला आहे : “पुऱ्या वाक्यात उत्तर दे.” गाय काय देते, असे विचारल्यावर मूल “दूध” म्हणाले, तर त्याच्याकडून “गाय दूध देते” असे वदवून घेतात. वाक्य व्याकरणाने पुरे झाले, पण सांगण्यासारखे त्यात काय आहे? विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे, मुलाला ठाऊक आहे आणि विचारणाऱ्याला ते ठाऊक असल्याचेही मुलाला ठाऊक आहे. हेच मूल सकाळी धावत येऊन “आमच्या म्हशीला रेडकू झालं अन् ते उभंच ऱ्हाईना” असे सांगते, तेव्हा त्याच्या ओठांवर दोन घटना, त्यांना जोडणारा दुवा आणि जिवाला लागलेली काळजी असे सगळे असते. त्यावर “‘ऱ्हाईना’ नव्हे, ‘राहीना’ म्हण” हे उत्तर आले, म्हणजे रेडकाचे काय झाले हा विषय तेथेच मिटतो. मुलाला एवढाच बोध होतो की येथे बातमीपेक्षा उच्चाराला अधिक किंमत आहे, आणि आपला उच्चार येथे खपत नाही. दुसऱ्या दिवशी ते बातमी आणीत नाही.

अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबत आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळत किंवा स्वतःच उत्तर देत. हा अवधी तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला, तेव्हा मुलांची उत्तरे कितीतरी लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागली. नवी पुस्तके आली नव्हती, इमारत बदलली नव्हती. शिक्षकाने ऐकण्यासाठी दोन सेकंद अधिक दिले होते.

लंडनमध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या आसपासच्या तीस मुलींचे बोलणे घरी आणि बालशाळेत ध्वनिमुद्रित केले. त्यांचे पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. कामगारांच्या घरांतल्या मुली शाळेत मोजके, तुटक बोलत, म्हणून त्यांच्या घरी भाषाच नसते असे शिक्षकांना वाटे. ध्वनिफितींनी निराळेच सांगितले. त्याच मुली घरी, स्वयंपाक आणि धुणेभांडी करणाऱ्या आईशी, प्रश्नावर प्रश्न विचारीत लांबलचक वाद घालीत होत्या. बालशाळेत प्रश्न विचारण्याचे काम शिक्षिकेने आपल्याकडे घेतले होते, मुलींना केवळ उत्तरे द्यायची होती. घरी बोलके असलेले मूल शाळेच्या दारात मुके होते, हे आपल्याकडच्या कोणत्याही पाड्यावर किंवा वस्तीवर पाहता येईल.

‘यांच्या घरी भाषाच नाही’

गरिबांची मुले शिकत नाहीत याचे खापर गरिबांच्याच डोक्यावर फोडण्याची रीत जुनी आहे. पूर्वी ते रक्तावर आणि जातीवर फोडले जाई, आता आईच्या बोलण्यावर फोडले जाते. १९९५ मध्ये हार्ट आणि रिस्ली या अमेरिकी संशोधकांनी बेचाळीस कुटुंबांच्या निरीक्षणावरून असा हिशेब मांडला की, चौथ्या वर्षापर्यंत गरिबाचे मूल सुखवस्तू घरातील मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. हा आकडा जगभर गाजला. बेचाळीस घरांच्या, महिन्यातून तासभराच्या निरीक्षणावरून कोटींची बेरीज करण्यात आली होती, हे मागे पडले. मूल ज्या अनेक माणसांत वाढते त्यांचे बोलणेही मोजायला हवे, असा आग्रह पुढच्या संशोधकांनी धरला. २०१९ मध्ये पाच वेगवेगळ्या समाजांतील घरे तपासली असता ती दरी त्या रूपात आढळली नाही.

याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी या समजुतीच्या मुळाशी हात घातला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला आठ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा चाचणी घेणाऱ्यासमोर एकेका शब्दात उत्तरे देत होता. मग त्याच मुलाखतकाराने बटाट्याच्या कापांचा पुडा आणला, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत घेतले आणि तो स्वतः जमिनीवर मुलांच्या बरोबरीने बसला. दोन्ही मुले एकमेकांना बोलू देईनात, एवढी बोलू लागली. मुलगा तोच आणि मुलाखत घेणाराही तोच होता. उंची बदलली होती. खुर्चीवर बसून खाली पाहत विचारणाऱ्यासमोर मूल जपून बोलते, कारण तेथे प्रत्येक शब्द आपल्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो हे त्याला कळते. तहसील कचेरीतल्या मजुराची अडचण याहून वेगळी नसते.

तथापि दुसऱ्या टोकाला जाऊन सगळे आलबेल आहे असे मानणेही बरोबर होणार नाही. गरीब घरात भाषा असते; भाषेला लागणारा निवांत वेळ मात्र तेथून हिरावून घेतलेला असतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची गणना ठेकेदाराच्या वहीत ‘एक कोयता’ अशी होते. उत्तररात्री थंडीत उठून फडावर जायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि अंधार पडल्यावर कोपीवर परतून चूल पेटवायची. या दिवसात आईने मुलाचे अडखळते वाक्य ऐकायचे ते कोणत्या तासात? वाड्यावरच्या मुलाला आजी असते, तर फडावरच्या मुलाची आजी गावाकडे राहिलेली असते. त्याला सांभाळते ती सात-आठ वर्षांची बहीण, जिचे स्वतःचे वाक्यही अजून कोणी ऐकलेले नसते. श्रमाच्या बाजारात मजुराची शक्ती विकत घेतली जाते असे अर्थशास्त्र सांगते. तिच्याबरोबर त्याच्या मुलाचा ऐकणाराही विकत घेतला जातो, ही नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते. म्हणून आयांना उपदेश करून भागणार नाही. घराने गमावलेला वेळ समाजाने परत केला पाहिजे, आणि त्यासाठीच अंगणवाडी आहे.

ऐकण्याचा हिशेब

अंगणवाडी हे नाव उगवले ते याच मातीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. महागडी विदेशी साधने बाजूला ठेवून पाने, बिया, शंख-शिंपले यांतून शिकवण्याची रीत त्यांनी बसवली. त्यामागे काटकसर होतीच, पण मुलाला ज्या वस्तूविषयी काही सांगायचे असते, ती त्याच्या ओळखीची असावी लागते हेही होते. न पाहिलेल्या सफरचंदाविषयी मूल एक शब्द पाठ म्हणते, करवंदाविषयी ते गोष्ट सांगते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, त्यांपैकी एक लाखाहून अधिक महाराष्ट्रात. योजनेत सहा सेवा आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. पहिल्या पाचांची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. उपाशी मूल बोलणार नाही हे उघडच आहे. परंतु यादीत सहावे असलेले शिक्षण प्रत्यक्षात जे काम उरेल त्या वेळेत उरकले जाते.

साधा हिशेब करून पाहावा. समजा एका अंगणवाडीत २५ मुले आहेत आणि ती रोज तीन तास बसतात. या १८० मिनिटांतून हजेरी, हात धुणे, आहार शिजवून वाढणे, वजन-उंची, नोंदी, गरोदर स्त्रियांची विचारपूस, मोबाईलवर भरायची माहिती यांचा वेळ वजा केला आणि बोलण्या-ऐकण्यासाठी पुरता एक तास उरला असे धरले, तर एका मुलाच्या वाट्याला दोन मिनिटे चोवीस सेकंद येतात. त्यांतही सेविकेला स्वतः बोलायचे असते. एका अडखळत्या वाक्याला अर्धे मिनिट लागते. या गणितात घोषाने उत्तर घेणे हा सेविकेचा आळस नसून तिची नाइलाजाची काटकसर आहे. पंचवीस मुलांना एकाच वेळी बोलते ठेवण्याची तिच्याजवळची ती एकच युक्ती आहे.

बालशिक्षणावर खर्च केलेला पैसा अनेक पटींनी परत मिळतो, असे अलीकडे मोठमोठ्या परिषदांत सांगतात. त्यासाठी नोबेल पारितोषिक विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांच्या लिखाणाचा आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात झालेल्या पेरी बालशाळा प्रयोगाचा दाखला देतात. तो प्रयोग काय होता, हे मात्र अर्धेच सांगितले जाते. त्यात अवघी १२३ मुले होती आणि त्यांपैकी ५८ मुलांना बालशाळा मिळाली. पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती. ती प्रशिक्षित होती, तिला सरकारी शाळेतल्या शिक्षकाचे वेतन होते आणि आठवड्यातून एकदा ती मुलाच्या घरी जाई. तेथे रुजलेल्या पद्धतीत आज आपण काय करणार हे मूल आधी सांगे, मग ते करी आणि शेवटी काय केले ते पुन्हा सांगे. भविष्यकाळातले एक वाक्य आणि भूतकाळातले एक वाक्य, रोज, ऐकणाऱ्या माणसासमोर. परताव्याचे आकडे या मुलांचे आहेत. पंचवीस मुलांमागे एक मानधनी बाई नेमून तोच परतावा मागणे म्हणजे बियाणे न पेरता पीक मागणे होय. शिवाय परताव्याच्या भाषेलाही मर्यादा आहे. चार वर्षांचे मूल ही गुंतवणूक नव्हे. त्यातून उद्या एक पैसाही सुटणार नसला, तरी आपले म्हणणे पुरे करण्याचा त्याचा हक्क उरतो.

हा हक्क कायद्यात किती आहे? २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, परंतु सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. त्यांच्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच अनुच्छेद ४५ सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम ११ तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या मोफत शिक्षणाची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’ असे म्हणते. मुलाने वाक्य पुरे करावे अशी अपेक्षा धरणाऱ्या राज्याने स्वतःचे वाक्य असे मोघम ठेवले आहे.

त्या मोघमपणाची किंमत सेविका मोजते. तिला वेतन मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. २०१८ मध्ये केंद्राने वाढ केल्यानंतर सेविकेसाठी केंद्राने धरलेला आकडा महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये झाला; वरचे काय ते राज्यांनी घालायचे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचा निर्णय दिला. तरीही महाराष्ट्रातल्या सेविकांना डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत संपावर राहावे लागले. या संपाकडे केवळ पगाराचा तंटा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. जिचे स्वतःचे म्हणणे सरकारने वर्षानुवर्षे अर्ध्यावर तोडले, तिने मुलांचे म्हणणे शांतपणे पुरते ऐकावे, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

घरची बोली

मेळघाटातले कोरकू मूल, गडचिरोलीतले गोंड किंवा माडिया मूल, सातपुड्यातले पावरा किंवा भिल्ल मूल अंगणवाडीत येते तेव्हा त्याच्या भाषेत वाक्य तयार असते. कोरकू ही मुंडा कुळातली आणि गोंडी द्राविड कुळातली. मराठीशी त्यांची ठेवण जुळत नाही. त्या मुलाकडून पहिल्या दिवसापासून मराठी वाक्य मागितले, तर त्याला येत असलेले वाक्य टाकून न येणाऱ्या भाषेतला एखादा शब्द उचलावा लागतो. चार वर्षे बांधत आणलेले घर मोडून त्याला कुडाच्या एका काठीपासून आरंभ करायला सांगण्यासारखे हे आहे. अंगणवाडी सेविका स्थानिक असावी हा योजनेचा नियम या दृष्टीने मोलाचा आहे. पुष्कळ ठिकाणी तिला मुलांची बोली येते, परंतु तपासणीला साहेब आले की ती बोली लपवते. ही लाज तिची नव्हे, तपासणी करणाऱ्याची आहे. प्रमाण मराठी मुलाला यायलाच हवी. न्यायालयाची, वर्तमानपत्राची, कायद्याची भाषा कष्टकऱ्याच्या मुलापासून दूर ठेवणे हाही अन्यायच होईल. प्रश्न क्रमाचा आहे. घरच्या बोलीत पुरे वाक्य करण्याचा आत्मविश्वास आलेले मूल दुसरी भाषा वाक्यासकट घेते.

बाजाराने या गोंधळाचा फायदा उठवला आहे. गल्लोगल्ली उघडलेल्या इंग्रजी नर्सऱ्यांत रिक्षावाला आणि घरकाम करणारी बाई पोटाला चिमटा घेऊन मूल पाठवतात. मूल घरी येऊन ‘ॲपल’, ‘बॉल’, ‘कॅट’ म्हणते आणि आईबापांचे डोळे भरून येतात. त्यांना दोष देता येणार नाही. इंग्रजीचा भाव त्यांनी ठरवलेला नाही. पण तेथे मुलाला नावांची यादी मिळते, आणि नाव उच्चारणे म्हणजे काही सांगणे नव्हे. कष्टाची कमाई घेऊन बाजार त्यांना सुटे शब्द विकतो.

याचे फळ पुढे दिसते. असर या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २३ निघाली. अक्षरओळखीचे वर्ग वाढवा, असा उपाय त्यावर लगेच सुचवला जातो. परंतु ज्या मुलाला बोलण्यात वाक्याचा शेवट गाठण्याची सवय नाही, ते छापील ओळीत आरंभीचा कर्ता शेवटच्या क्रियापदापर्यंत ध्यानात कसा ठेवणार? ते अक्षरे लावते आणि वाक्य त्याच्या हातून निसटते.

काय करता येईल

मागण्या स्पष्ट आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा कायद्याने बंधनकारक हक्क व्हावा. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाने या वयासाठी वीस मुलांमागे एक हे प्रमाण सांगितले होते. ते किमान मानून प्रत्येक अंगणवाडीत केवळ शिक्षणाचे काम पाहणारी दुसरी सेविका नेमावी. मानधनाऐवजी वेतन द्यावे. आदिवासी भागात मुलांच्या बोलीला तपासणीच्या नमुन्यात मान्यतेची जागा असावी. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या परिसरात, कोपीच्या जवळ अंगणवाडी चालणे ही परवान्याची अट करावी.

सरकार हलेपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. संध्याकाळी वस्तीत सभा घेणाऱ्या कार्यकर्त्याला सभेआधीचा अर्धा तास मुलांसाठी काढता येतो. त्यासाठी पदवी लागत नाही, काही पथ्ये लागतात. जमिनीवर बसावे. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही असाच प्रश्न विचारावा. विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजावे, आणि मूल अडखळले तर आणखी तीन. “चिमणी मेली” एवढेच मूल म्हणाले, तर “कुठे दिसली तुला?” असे विचारून वाट पाहावी. “मी करलं” म्हणाले, तर “तू केलंस होय? कशानं केलंस?” असे म्हणावे, योग्य रूप मुलाच्या कानावर पडते आणि गोष्टही पुढे जाते. गोष्ट सांगताना शेवट आपण सांगू नये, “मग काय झालं असेल?” असे विचारून मुलांकडून घ्यावा. भातुकली चालू असेल तर तिच्यात मध्ये पडू नये. ‘तू आई हो, मग मी आजारी पडतो, मग तू डॉक्टरला बोलव’ या एका वाक्यात अटी, क्रम आणि वाटाघाटी असे सगळे व्याकरण मुले एकमेकांना शिकवीत असतात. मोठ्या मुलाने लहानाचे वाक्य तोडले, तर त्याला थांबवावे आणि लहानाची पाळी राखावी. सभेत बोलण्याची पाळी राखणे म्हणजे काय, याचा हा पहिला पाठ आहे.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले प्राथमिक शिक्षणावाचून राहतात, हे स्पष्टपणे मांडले होते. त्याच निवेदनात त्यांनी आणखी दोन गोष्टी मागितल्या. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांचे म्हणणे समजून घेतील. आणि शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. समजून घेणारा माणूस आणि त्याला पुरेसे वेतन, या दोन मागण्या त्यांनी एकत्र केल्या होत्या. अंगणवाडीतील मुलांसाठी त्या दोन्ही आजही तशाच उभ्या आहेत. ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत रस्ता आणि नळ यांच्या जोडीने अंगणवाडीतल्या दुसऱ्या सेविकेचा ठराव मांडला गेला, तर एका जुन्या निवेदनाचे राहिलेले काम पुढे जाईल.